खिडकीकडची खुर्ची

मी, खाली अंगठा उठवणारा, धंद्याने न्हावी, हे मृत्युपत्र शेजारच्या शिंप्याकडून लिहवून घेत आहे. अर्धांगाने उजवी बाजू लुळी पडली असली तरी डोके शाबूत आहे. डॉक्टरांनी तपासून खात्री केली आहे. कोणाची जबरदस्ती नाही.

१. राहती खोली सामानासह मुलीची.

२. दुकान आम्हा दोघा भावांचे. आमच्या हाताचा वेग अख्ख्या रस्त्याला ठाऊक होता. गिऱ्हाईक टेकले न टेकले तोच उठायचे. पुढे बायकोला कर्करोग झाला. औषधांनी केस झडू लागले तेव्हा ती म्हणाली, "सगळेच काढून टाका. पण दुकानात उरकता तसं नको." मी कोमट पाण्याने डोके भिजवले, वस्तरा पट्ट्यावर घासला आणि हळूहळू फिरवला. कानामागे जुना व्रण दिसला. एवढ्या संसारात तो कधी पाहिला नव्हता. "झोपाळ्यावरून पडले होते लहानपणी," ती म्हणाली. महिनाभरात ती गेली.

त्यानंतर घाई मला जमेना. दाढी मऊ होईतो थांबायचे, केसांचे वळण बघायचे, मगच हत्यार लावायचे. काम कधी नव्हे इतके चांगले होऊ लागले, पण गिऱ्हाईक थांबेना. भाऊ म्हणाला, "दादा, वहिनी गेली. आता धंदाही घालवणार का?" त्याने मध्ये फळ्या ठोकून दुकानाचे दोन भाग केले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही.

खिडकीकडची खुर्ची आणि दुकानातली माझी अर्धी बाजू मुलीला द्यावी. ती बायकांचे केस कापते. वाट पाहून कोणी उठून गेले तरी कात्री रेटत नाही. त्या जागेवरून काकाने तिला हुसकावू नये.

३. भावाला काही ठेवलेले नाही. मी आडवा झाल्यावर तो एकदा आला, दारातूनच "बरं आहे ना?" म्हणाला आणि दुकान उघडे आहे म्हणून गेला.

तरी माझी शेवटची दाढी त्यानेच करावी. उजवा गाल ओघळला आहे, कातडी ताणून धरावी लागेल. दुकान बंद करून यावे, बसून करावी, करताना माझ्या तोंडाकडे बघावे. तेवढा वेळ नसेल, तर मला दाढीसकटच न्यावे.

मृत्युपत्र करणाराचा डाव्या हाताचा अंगठा
साक्षीदार : १. शेजारचा शिंपी (सही) २. उपचार करणारे डॉक्टर (सही)
स्थळ : राहती खोली
मंगळवार, ११ मार्च २०२५