फिरंगवाडीतली तान्हाई

सफाळे, १० नोव्हेंबर २०२४

चि. आनंदास सुगंधाताईचे अनेक उ. आ.

फोनवर मी रागावायला लागले की तुझं नेटवर्क जातं, म्हणून कागद घेतला. तुझ्या बायकोकडून, सुलूकडून, कळलं की निवृत्त झाल्या झाल्या तू ‘फिरंगवाडी बचाव समिती’ काढलीस आणि अध्यक्षही तूच झालास. नाक्यावरच्या फलकावर तुझा गॉगल घातलेला फोटो आहे म्हणे. दफनभूमी वाचवायला गॉगल कशाला लागतो, देव जाणे.

काम चांगलं आहे, नाही म्हणत नाही. गोऱ्या साहेबांच्या त्या जुन्या कबरी आहेत आणि त्यांच्या आजूबाजूला सगळ्या गावाची तान्ही मुलं आहेत, कारण तान्ह्या मुलाला आपण अग्नी देत नाही. माझी तानीही तिथेच आहे. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले आणि रिकाम्या हाताने सासरी गेले, ते तू पाहिलंस. उक्षीच्या वेलीखालचा तिचा काळा दगड बाबांनी आणि तू मिळून उभा केलात.

माझं मागणं एवढंच आहे. साफसफाईच्या नादात तो दगड हलवू नका. त्याला रंग नको, चुना नको, शेजारी बाकडंही नको. दुसरं काही मी माहेराकडे मागितलेलं नाही.

वडे कमी खा. माझा लोभ आहेच, तुझी अक्कल वाढावी ही इच्छा.

तुझी ताई

---

खारवाडी, तारापूर, २१ नोव्हेंबर २०२४

ती. ताईस आनंदाचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. सुलूने ते मोठ्याने वाचलं, गॉगलचा भाग दोनदा. तो गॉगल मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा आहे.

इथे काय चाललंय ते तुला सफाळ्यात बसून कळायचं नाही. ट्रक येतात आणि फिरंगवाडीत राडारोडा ओतून जातात. दोन कबरी त्याखाली गेल्या. कुंपणाला तार आणली तर तारच चोरीला गेली. सभा बोलावली की लोक चहा पितात, मेलेल्यांसाठी जित्यांनी किती धावायचं असं मलाच विचारतात आणि घरी जातात. चर्चचे फादर तेवढे झाडू घेऊन नेमाने येतात.

तानीच्या दगडाची मात्र काळजी सोड. मी असा बंदोबस्त केला आहे की त्याला हात लावायची कोणाची छाती होणार नाही. ट्रकही यायचे थांबलेत. कसं काय ते भेटीत सांगेन.

भाऊजींना नमस्कार. तुझी बोलणी खाऊनच मोठा झालो, ती चालू ठेवावीत.

आनंदा

---

सफाळे, ६ जानेवारी २०२५

चि. आनंदास आशीर्वाद, लिहायचा असतो म्हणून.

तुझा बंदोबस्त काल बघून आले. तुला मुद्दाम कळवलं नाही. बोईसर स्टेशनवर रिक्षा केली तर रिक्षावाला विचारतो, मावशी, तान्हाईला जायचंय का. म्हटलं, मला फिरंगवाडीत जायचंय. म्हणाला, तेच ते.

माझ्या पोरीला तुम्ही शेंदूर फासलात, आनंदा. चांदीचे डोळे चिकटवलेत, बांगड्यांची रास घातलीत. उत्कर्षा नावाची एक मुलगी ओटी भरत होती. नवरा पॉवर प्लांटमध्ये आहे, लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही, म्हणून नवस बोलली. जिचं मूल त्या दगडाखाली आहे ती मी शेजारी उभी, आणि तिने माझ्याच हातावर प्रसादाची साखर ठेवली. मला ती गिळवेना आणि थुंकवेना.

आणि कबरींवरून ती चुन्याची चौकोनी आखणी कसली? सुलू म्हणते, देवीचा सभामंडप होणार. तू कबरी वाचवायला निघालास की बुजवायला? मला रडू येतंय आणि त्याहून जास्त राग येतोय. उत्तर पाठव, आणि सरळ पाठव.

ताई

---

खारवाडी, १४ जानेवारी २०२५

ती. ताईस सा. न. वि. वि.

सोबत तिळगूळ आहे. गोड बोल म्हणायला मला तोंड नाही.

शेंदूर मीच लावला. आधी ट्रकपुढे हात जोडून उभा राहिलो होतो, ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. म्हणून वाटेवरच्या त्या एकुलत्या उभ्या दगडाला शेंदूर लावला. दुसऱ्या दिवशी तोच ड्रायव्हर खाली उतरला, चपला काढल्या आणि विचारू लागला, “कौन सी माता है?” माझ्या तोंडून तानीचं नाव गेलं. त्याची तानी माता झाली, गावाने तिची तान्हाई केली. ट्रक मात्र मागे फिरले, ताई. माझ्या सगळ्या अर्जांनी जे झालं नाही ते बोटभर शेंदराने झालं.

पण आता आगीतून फुफाट्यात पडलो आहे. प्लॉटचा धंदा करणारा भावेश मंडप बांधून देतो म्हणतो, कबरी सपाट करून वर फरशी. येत्या २४ तारखेला, शुक्रवारी, भूमिपूजन आहे. खरं सांगावं तर गाव म्हणेल, मढ्यावरच्या दगडापुढे आम्हाला नारळ फोडायला लावलेस. न सांगावं तर फिरंगवाडी जाते. त्याच शुक्रवारी पालघरला जाऊन स्थगिती मिळते का पाहतो. मला दुसरं काही सुचत नाही.

चुकलो तरी धाकटाच आहे, एवढं लक्षात असू द्यावं.

आनंदा

---

सफाळे, २५ जानेवारी २०२५

चि. आनंदास अनेक आशीर्वाद.

पालघरच्या कचेरीत साहेब जेवायला गेले आणि आलेच नाहीत, हे सुलूने सांगितलं. तू तिथे बाकड्यावर बसलास तेव्हा मी फिरंगवाडीत होते.

भटजी चौरंग मांडत होते. मी पुढे जाऊन सगळ्यांना सांगितलं की ही देवी नाही, ही माझी मुलगी आहे, आणि माझ्या भावाने तुम्हाला फसवलं ते तिच्यासाठी. भावेश म्हणाला, आजी, हा श्रद्धेचा प्रश्न आहे. म्हटलं, बाबा, मग माझ्या पोरीच्या उशाशी फरशी कापायचं यंत्र लावू नकोस. उत्कर्षा रडायला लागली, माझा नवस आता कोण ऐकणार म्हणाली. मी तिचा हात धरून ठेवला.

चार माणसं तुझ्या नावाने ओरडू लागली होती. तेवढ्यात पाड्यावरची ठमी, नारळ घेऊन आलेली, चुन्याच्या चौकोनात शिरली आणि खाली बसली. म्हणाली, “माझा पोर इथं हाय. दगड नाय ठेवला, पण जागा मी इसरली नाय.” मग मांगेलवाड्यातली एक म्हातारी तिच्या पलीकडे जाऊन बसली. मग चर्चला जाणारी एक. मग आणखी. कोणी कोणाला विचारलं नाही, ज्या त्या बाईला आपली जागा ठाऊक होती. थोड्या वेळाने त्या आखणीत पाय ठेवायला जागा उरली नाही. भावेश उठा उठा म्हणत राहिला, भटजींनी पळी-पंचपात्र पिशवीत घातलं. आता ट्रक आला तर अशाच येऊन बसू, असं बायका म्हणाल्यात. तुझ्या समितीत एकही बाई नव्हती, हे मला आधी कळायला हवं होतं.

मग शेंदूर काढायचा राहिला. तो नुसत्या पाण्याने जात नाही. ठमीने खोबरेल आणलं, उत्कर्षाने पाणी कोमट करून आणलं. मी दगडाला तेल चोळलं, वर पाणी घातलं आणि पदराने पुसला. तानी झाली तेव्हा सुईण मला पाण्यात हात घालू द्यायची नाही, ओली बाळंतीण आहेस म्हणायची. तीच तानीला पायावर घ्यायची आणि मी खाटेवरून बघत राहायची. काल मी तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं, आनंदा.

राग ओसरलाय. लोभ होता तेवढाच आहे.

ताई