हिरवी पुडी आणि माझं बटण

४ मार्च, सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे, नोंद राहिलेली बरी. ज्येष्ठांसाठी आमची कंपनी जो डेस्कटॉप करते आहे, त्याचं मेन मेनूचं बटण त्साओ साहेबांनी माझ्यावर सोपवलं. म्हणाले, फान, बघणाऱ्याला कळलं पाहिजे की इथे दाबायचं. बास, एवढंच.
एवढंच! साहेबांना डिझाइनमधलं कळत नाही, पण माणसाची पारख आहे.
ताईला व्हँकूवरमध्ये १ तारखेला मुलगी झाली. आईला म्हटलं, नातीला महिना भरेल त्या दिवशी, १ एप्रिलला, तू ज्येष्ठ केंद्रातल्या कॉम्प्युटरवर स्वतः माझं बटण दाबून तिला व्हिडिओवर बघायचंस. आई म्हणाली, इतकं कशाला थांबायचं रे आ-फेंग (ऑफिसात मी फान, घरी आ-फेंग), तूच लावून दे की आजच. नाही म्हटलं. तत्त्वाचा प्रश्न आहे.

६ मार्च
जुनं बटण निळं, भलंमोठं, वर ठळक ‘मेनू’. भाजीवाल्याच्या पाटीसारखं. आधी अक्षरं काढली. चांगल्या बटणाला स्वतःची ओळख करून द्यावी लागत नाही.
शेजारच्या टेबलावरची प्रोग्रॅमर हुई-यू म्हणाली, मग कळणार कसं? मी नुसता गूढ हसलो. तिने विचारलं, दाढ दुखतेय का?

९ मार्च
निळा रंगही काढला. आता खाली डाव्या कोपऱ्यात, राखाडी पट्टीवर किंचित गडद राखाडी गोल. बटण कसं, घरातल्या समजूतदार माणसासारखं हवं. असतं, पण जाणवत नाही.

११ मार्च, सकाळी ११.४०
ऑफिसात प्रत्येक मशीनवर नारळाच्या कुरकुऱ्यांची हिरवी पुडी असते. मशीनने शहाण्यासारखं वागावं म्हणून. पुडी हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, फोडून खायची तर मुळीच नाही. शिकलेली माणसं ही! माझ्या मशीनवरची काढून टाकली. डिझाइनरचं टेबल मोकळं असावं.
दुपारी ३.०५
मशीन बसलं. आठवड्याचं काम गेलं. पुडी परत ठेवली. केवळ हुई-यूचं मन राखायला.
३.१०
दोन ठेवल्या.

१६ मार्च
पहिली चाचणी. केंद्रात आठ मशीन, आठ ज्येष्ठ. नियम माझाच: कुणीही बोट दाखवायचं नाही, बटणाने स्वतः सांगितलं पाहिजे.
आठांपैकी शून्य.
यान काका, निवृत्त बस ड्रायव्हर, वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसले. मग म्हणाले, पोरा, चालू कधी करणार हे? आई शेवटपर्यंत माऊस घट्ट धरून बसली होती. उठताना म्हणाली, छान केलंयस हो, डोळ्यांना काही म्हणता काही त्रास नाही.
हे वाक्य रिपोर्टमध्ये पहिलंच घातलं. बाकी दोष खिडकीतल्या उजेडाचा.

१८ मार्च
साहेबांनी बोलावलं. १ एप्रिलला दुसरी चाचणी. तेव्हाही हेच झालं तर बटण हुई-यूकडे, आणि मी प्रिंटरच्या खोक्यांवरचे स्टिकर. म्हणाले, तुझ्या आईला तरी दिसू दे रे बाबा.
धाडसी निर्णय घेतला. राखाडी दोन टक्के गडद.

२३ मार्च
ताईचा फोन. आई रोज विचारते, बाळाचं नाक कुणावर गेलंय? एखादा फोटो पाठवू का? मी म्हटलं, अजिबात नाही, सगळी मजा जाईल. थोडं वाईट वाटलं. मग गोलाची कड पुन्हा तपासली.
संध्याकाळी आईचा फोन. तुमच्या ऑफिसातल्यासारखी हिरवी पुडी आम्ही केंद्रात ठेवली तर चालेल का? अंधश्रद्धेवर तिला दहा मिनिटं समजावलं. ती बरं बरं म्हणाली, आणि पुन्हा विचारलं, मग ठेवू ना? म्हटलं, ठेवा. म्हाताऱ्या माणसांना काय बोलणार.

१ एप्रिल, सकाळी १०.२०
आठांपैकी आठ!!
कुणाला शोधावंसुद्धा लागलं नाही. सगळ्यात आधी आई. एका क्लिकमध्ये मेनू, दुसऱ्यात व्हिडिओ, आणि समोर लाल टोपडं घातलेलं बाळ. आई स्क्रीनच्या अगदी जवळ सरकली. मग म्हणाली, नाक आपल्याच घरचं. रडली. मीही रडलो. लिहायला लाज कसली.
दोन टक्के! साहेबांना फोन केला. हुई-यूला मेसेज: बघितलंस?

१ एप्रिल, दुपारी १२
साहेब स्वतः बघायला आले. म्हटलं, आधी फोटोसाठी जरा टापटीप करू. प्रत्येक स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्याशी एक हिरवी पुडी टेकवलेली होती. आठही उचलून कवेत घेतल्या.
आई शेजारणीला नात दाखवायला पुन्हा खुर्चीवर बसली होती. माऊस फिरवला, थांबली. आठही जण थांबले. यान काका म्हणाले, पोरा, बटण कुठे नेलंस?
मग त्यांनीच साहेबांना सांगितलं. माऊसचा बाण पुडीमागे लपतो का ते काका बघत होते, चुकून दाबलं गेलं, आणि मेनू उघडला. तेव्हापासून सगळे पुडीच्या डोक्यावर बाण नेऊन दाबतात. गोल? कसला गोल?
आईने माझ्याकडे बघितलं. मग अगदी हळू आवाजात, साहेबांना ऐकू जाऊ नये असं, म्हणाली, आ-फेंग, त्यातली एक दे ना जरा. ताई वाट बघत असेल.
दिली.

३ एप्रिल
नवं बटण मंजूर: हिरवी पुडी, मोठी, खाली ‘मेनू’. हुई-यूने अर्ध्या तासात काढलं. कल्पना म्हणून आईचं आणि यान काकांचं नाव लागलं. आई आता रोज दहा वाजता नात बघते. मला फोन करायला तिला वेळ नसतो.
मी स्टिकरवर. ‘ही बाजू वर’ एवढंच खोकं उचलणाऱ्याला कळलं पाहिजे.
वर दाखवणारा बाण फारच भडक होता. काढला.