दुसऱ्या नळीवर चिठ्ठी नव्हती

बाबा, तुम्ही मला जन्मात एकदाच मारलंत, आणि तेही गुळाच्या खड्यापायी. तो खडा मी खाल्ला नव्हता, भुरीला दिला होता. भुरी, आपली कुत्री, लालबर्ऱ्याहून तुमच्या सायकलच्या पिशवीत बसून आलेली. गुळासाठी दोन पायांवर उभं राहायला तुम्हीच तिला शिकवलं होतं. त्या दुपारी मात्र तुमचा हात माझ्या पाठीत बसला. "काहून देऊन राह्यली व तिले गूळ? मारून टाकशीन तिले!" आई चुलीपुढून उठून आली, तर तिच्यावरही ओरडलात. मी सातवीत होते. दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही.

त्याआधी महिनाभर भुरी नुसती पाणी पीत होती. बादली भरून शाळेत जावं आणि परत यावं तर रिकामी. खायची बकाबका आणि तरी वाळत चालली होती. ओसरीच्या कोपऱ्यात मुतायची, तिथे मुंग्यांची रांग लागायची. शेजारची काकू कुंपणावरून म्हणाली, "पिसाळली असन तुमची कुत्री. नगरपालिकेच्या लोकायले सांगा, गोळी घालतीन." तुम्ही ढोर दवाखान्यातले कंपाउंडर. तुम्ही म्हणालात, "पिसाळलेलं जनावर पाण्याले भेते, वहिनी. हे तं बादली सोडत नाही." पण तुमच्या कपाळावरची आठी गेली नाही. दवाखान्यातल्या मोठ्या साहेबांनी भुरीला दुरूनच पाहिलं. "शुगर हो सकती है, पक्का नहीं कह सकते," म्हणाले आणि बैलांकडे वळले.

मग आपणच तपासायचं ठरवलं. सकाळी पत्र्याची ताटली घेऊन मी भुरीच्या मागे अंगणभर फिरते आहे. ती बसते, मी ताटली सरकवते, ती उठून पुढे जाते, आणि आईची हसून हसून पुरेवाट झाली आहे. शेवटी चार थेंब मिळाले. तुम्ही काचेच्या नळीत निळं औषध ओतलंत, थेंब टाकलेत आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरलीत. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि मग विटेसारखं लाल. कोणी हसेना. "साखर आहे," तुम्ही म्हणालात. नळीवर 'भुरी' अशी चिठ्ठी चिकटवून ती खिडकीत ठेवलीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत दोन नळ्या होत्या. दोन्ही लाल. दुसरीवर चिठ्ठी नव्हती. "हे कोणाची जी बाबा?" मी विचारलं. "तिचीच. संध्याकाळी अजून पाह्यली." ताटली माझ्याच ताब्यात होती, कालपासून खुंटीला कोरडी टांगलेली. मला मार पडला तो त्याच दुपारी.

त्या वर्षी तुमची नोकरी पक्की व्हायची होती. राज्यांची फेररचना होऊन आपला जिल्हा भोपाळकडे गेल्याला काहीच वर्षं झाली होती, तिथून हिंदीत कागद आला होता. आईला तो मीच वाचून दाखवला होता, म्हणून मला ठाऊक होतं की त्याला सरकारी डॉक्टरचा तंदुरुस्तीचा दाखला जोडायचा आहे. मग गोंदियाहून ओल्या फडक्यात गुंडाळलेली इन्सुलिनची बाटली आली. माठाखालच्या ओल्या वाळूत तुम्ही ती पुरून ठेवलीत. रोज सकाळी भुरीला सुई. "माणसाले दवा भेटत नाही अन् कुत्र्याले सुया!" काकू सगळ्या आळीला सांगत सुटली. सिरींज पातेल्यात दोनदा उकळायची. एकदा अंगणात भुरीसाठी, आणि दुसऱ्यांदा उकळली की तुम्ही न्हाणीचं दार लावून घ्यायचात. "एवढं काय धुऊन राह्यले व तुहे बाबा?" आई विचारायची. "मले काय मालूम," मी म्हणायची.

एकदा सुई दिल्यावर भुरी जेवली नाही. थोड्या वेळात लटपटली, पडली, पाय ताठ झाले. "गूळ आण! लौकर!" तुम्ही ओरडलात. मी जागची हलेना. "गूळ?" "हौ, गूळच!" गुळाचं पाणी तिच्या हिरड्यांना चोळलंत तेव्हा तिने डोळे उघडले. "सुई जास्त झाली का साखर उतरते. मंग गूळच दवा," तुम्ही म्हणालात, आणि जरुरीपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिलात.

मग तो रविवार. आई विहिरीवर गेली आहे. तुम्ही खुर्चीत बसून शर्टाची गुंडी लावता आहात आणि ती लागत नाही. हात थरथरतो आहे, कपाळावरून घाम गळतो आहे, मी हाक मारली तर तुम्ही माझ्याकडे अनोळखी माणसासारखं बघता. मी धावत जाऊन गुळाचा डबा काढते. मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नाही, बाबा. खडा तुमच्या तळहातावर ठेवून मी म्हणते, "भुरीले द्या." भुरी बाहेर उन्हात झोपलेली होती. तुम्ही तो खडा खाल्लात. बऱ्याच वेळाने म्हणालात, "खाल्ला तिनं."

तुम्हाला दाखला मिळाला, कसा ते मी विचारलं नाही. दिवाळीच्या आधी भुरी गेली आणि गोंदियाची बाटलीही बंद झाली. आता ती कोणाच्या नावाने मागवायची? मी तेव्हा आईला सांगायला हवं होतं. तुमच्या पायाची जखम भरेना झाली तेव्हाही सांगायला हवं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी मॅट्रिकला होते, आणि सगळे म्हणत होते, पायात काटा मोडल्याचं निमित्त झालं.

परवा माझी तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला शुगर होती का? माझ्या तोंडून निघून गेलं, "हौ, आमच्या कुत्रीला." त्या खूप हसल्या आणि वडिलांच्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. मी त्यांना थांबवलं नाही. उद्या रिपोर्टाचं पाकीट घेऊन पुन्हा जायचं आहे. तुम्हाला लिहिलेले हे कागद बाईंनी वाचावेत म्हणून मी त्यातच घातले होते. आत्ता काढून घेतले.