फोन वापराबाबत घरगुती परिपत्रक

३ ऑगस्ट १९९३, मंगळवार
नंबर लावल्यावर सहा वर्षांनी घरी फोन आला. डोकमर्डीच्या आमच्या क्वार्टर्समध्ये दुसराच. पहिला शेजारच्या मालतीबाईंचा. आजवर आमचे निरोप त्यांच्याकडेच यायचे. बायको, विजया, पेढे वाटतेय. मी आनंदात आहे. घंटा वाजली की दचकतो, पण ते सवय नाही म्हणून. मुलगी शीतल नववीत आहे. ती फोनकडे बघते, मी तिच्याकडे बघतो.

४ ऑगस्ट
ऑफिसात श्रीकांत म्हणाला, वापीला एका घरी रोज ब्लँक कॉल यायचे. महिन्याभरात पोरगी गायब. मी हसण्यावारी नेलं. डबा तसाच परत आणला. एकुलती एक पोर आहे माझी.

५ ऑगस्ट
परिपत्रक काढलं. एकोणीस वर्षांची सरकारी नोकरी कामाला आली. नियम एक: फोनची वेळ सहा ते साडेसहा. दोन: फोनवर बोलताना बाबा समोर. तीन: फोन उचलणाऱ्याने आधी बोलू नये. पलीकडचा कोण ते कळू दे. पोरीचा आवाज ऐकला की मवाली सोकावतात. चार: बाहेरून घरी फोन केला तरी तेच. ओळखीचा आवाज आल्याशिवाय ब्र काढू नये.
शीतलने खाली 'वाचले, समजले' लिहून सही केली. विजया म्हणाली, माझ्यापुढे हा कागद धरलात तर फोन विहिरीत टाकीन. तिला सूट दिली.

८ ऑगस्ट, रविवार
चिपळूणहून मेहुण्यांचा फोन. भास्कररावांचा. मी नियमाप्रमाणे गप्प. ते हॅलो हॅलो करून दमले, मग एक अस्सल शिवी हासडली. तेव्हा ओळख पटली. नियम तीन यशस्वी.

१४ ऑगस्ट, शनिवार
शीतल खानवेलला मैत्रिणीकडे, गुड्डीकडे गेली. मी नको म्हणत होतो. विजयाने पाठवलं. पाचपर्यंत बसने परत. मी निश्चिंत आहे.

सायं. ५.४०
आली नाही. रस्ता खराब आहे. होतं असं. स्टँडवर दोनदा जाऊन आलो, सहज.

६.०५
फोन. उचलला. पलीकडे कोणी बोलेना. मीही गप्प. श्वास ऐकू आला. ब्लँक कॉल. आमच्या घरी. ठेवून दिला. रिसीव्हर दुसऱ्या प्रयत्नात जागेवर बसला, चहा कमी झालाय आज.

६.१५
पुन्हा. पुन्हा तो श्वास. विजया म्हणाली, अहो, हॅलो म्हणा की. मी तोंडावर बोट ठेवलं. बोललं की आवाजावरून माणूस घाबरलाय हे कळतं. मी घाबरलेलो नाही.

६.२५
पुन्हा. या वेळी हुंदका. मवाली रडतोय? काहीतरी नवा डाव. देवा, पोर कुठे आहे माझी? गणपतीला नारळ बोललो. मग पाच बोललो.

६.४०
मालतीबाई धावत आल्या. शीतलचा फोन त्यांच्याकडे आला होता. बस बंद पडलीय, गुड्डीचे वडील भावेशभाई तिला स्कूटरवर आणताहेत. तीनदा घरी लावला, कोणी उचलतं आणि बोलत नाही. आईबाबांना काहीतरी झालंय असं वाटून पोर पीसीओवर रडत उभी होती.

७.४५
शीतल सुखरूप. मी ओरडलो, तू का नाही बोललीस? म्हणाली, नियम चार. खाली माझी सही आहे. विजया हसेल असं वाटलं होतं. हसली नाही.

१५ ऑगस्ट, रविवार
झेंडावंदनाहून येऊन जुनं परिपत्रक रद्द केलं. आता एकच नियम: अडचण आली की आधी बाबांना फोन करावा. हा नियम फार चांगला झालाय. शीतलपुढे सहीला ठेवला. तिने दोनदा वाचला आणि कागद परत दिला. रागावलेली नव्हती. म्हणाली, आधी मालतीकाकूंना करीन, बाबा. त्या लगेच हॅलो म्हणतात.