कुऱ्हाडवाला गेम आणि चार पापलेटं

आई, आज तुझ्या नातीच्या शाळेत पालकसभा होती आणि मी उभी राहून बोलले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "बस गं, जीभ हाय का कोयता!" तिथल्या बाई सांगत होत्या, मोबाइलवरच्या मारामारीच्या खेळांनी मुलं बिघडतात. मी म्हटलं, आमच्या वेळी टीव्हीला जोडून खेळायचा कुऱ्हाडवाला गेम होता. पडदा लालभडक व्हायचा, पेपरात त्याच्यावर बंदी घाला म्हणून बोंब चाललेली. मी तो खेळले, त्याचा दुसरा भागही खेळले आणि आज कारखान्याच्या लॅबमध्ये दिवसभर ॲसिड हाताळते. अजून कुणाच्या अंगावर टाकलेलं नाही. लोक हसले, टाळ्या पडल्या. हे तुझ्याकडूनच आलंय, बाजारात तुझ्यापुढे कुणाचं काय चालायचं! पण टाळ्या घेऊन घरी आले आणि तुला लिहायला हा कागद काढला. त्या गेमबद्दलची एक गोष्ट मी तुला शेवटपर्यंत सांगितली नाही.

मामानं तो गेम आणला तेव्हा तू दारात बोंबील साफ करत होतीस. मी पडद्यावरच्या राक्षसाचं मुंडकं उडवलं तशी तू मान वळवलीस. "रगत असं उडतं होय? हात नाय बसलेला त्याचा," म्हणालीस आणि परत कामाला लागलीस. दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या आपल्या घरात कापाकापीचं कौतुक कुणाला असणार?

मग सहावीत मी वर्गातल्या एका मुलीला कंपासपेटी फेकून मारली. तिची भुवई फुटली, टाके पडले. का मारलंस, सगळे विचारत होते. शेवटी बाईंनीच विचारलं, घरी कसले खेळ खेळतेस? मी सांगितलं. झालं! सगळा दोष गेमच्या माथी मारून सगळे मोकळे झाले, सगळ्यांत आधी मी. तू त्या गेमची कॅसेट तांदळाच्या डब्यात तळाशी पुरलीस. "माजीच चूक. मीच खेळू दिला," एवढंच बोललीस. एक सणसणीत ठेवून दिली असतीस तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी होडीवरून आलेली सगळ्यांत मोठी चार पापलेटं तू बाजूला काढलीस. कुणाचं मन दुखावलं की आपल्या घरची मासळी घेऊन जायचं. त्यांनी घेतली की भांडण मिटलं, ही तुझी रीत. मी रस्ताभर म्हणत होते, आई, नको ना. "गप. रिकाम्या हातानं माफी मागत नाय." कॉलनीतल्या तिच्या घराच्या दारात तू टोपली उतरवतेस, पदर सारखा करतेस आणि भुवईवर पट्टी असलेली ती मुलगी नाक दाबून आत पळते. तिची आई म्हणते, "आम्ही हे खात नाही हो." तू हसतेस, "चुकलं माजं, मला ठावं नव्हतं." परतताना म्हणालीस, "चांगली मानसं हायत." मी मेल्याहून मेल्यासारखी तुझ्यामागून चालत होते.

दहावी पास झाले तेव्हा तू स्वतः बोईसरच्या बाजारात विचारत विचारत त्याच गेमचा दुसरा भाग आणलास. "याच्यात मारामारी जास्ती हाय म्हनतो दुकानवाला. आता तुला अक्कल आलीय, खेळ." शेजारी बसून बघितलास सुद्धा! तेव्हाच सांगायला हवं होतं. आता तू नाहीस, हा कागद कुठल्या टपालपेटीत टाकणार, म्हणून लिहायचं धाडस होतंय.

गेमनं मला काही शिकवलं नव्हतं, आई. ती मुलगी म्हणाली होती, तुझ्या आईच्या अंगाला मासळीचा वास येतो, ती आली की आम्ही खिडक्या उघडतो. आता तुला वाटेल, पोर माझ्यासाठी भांडली. नाही गं. आदल्याच आठवड्यात मी तुला म्हटलं होतं ना, शाळेच्या फाटकाच्या आत येऊ नकोस, बाहेरच थांब? मला ते तिच्याआधीच वाटत होतं. ते तिनं सगळ्यांसमोर बोलून दाखवलं, म्हणून मारलं.