हलव्याचा एक दाणा

५ जानेवारी २०१६, माउंट रॉस्किल, ऑकलंड
'बायांनो, वर्षभर मंडळाच्या चहाची भांडी आपण घासतो, आणि माइक हातात येतो तो आभार मानायला.' असं सुरू करायचं. पहिल्या वाक्यालाच हॉल माझा. संक्रांतीच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळालीत. विषय मीच ठरवला: साखर, आणि जहाजांत कोंबून अटलांटिकपार विकलेले आफ्रिकेतले लोक, ज्यांच्या हातांनी ती जगाला स्वस्त झाली. सेक्रेटरी प्रमोदचा फोन. "काकू, सणाला गुलाम?" म्हटलं, सणाला साखर चालते ना? "बरं, पण दहा म्हणजे दहा हां. गेल्या वेळी वडे गार झाले होते."

७ जाने.
लायब्ररीतून कॅरिबियन कवितांचं पुस्तक आणलं. त्यातली एक कविता डोक्यातून जाईना. जहाजाच्या तळात बाळंत झालेली बाई. काळोख. ती बाळाची बोटं चाचपते, बस, एवढंच. कित्येक वर्षं या विषयावर वाचते आहे. जहाजांचे नकाशे, कायदे, आकडे, सगळं तोंडपाठ. त्या बाळाला बोटं होती हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आज हॉस्पिटलच्या फार्मसीत गोळ्या भरताना सारखी माझ्याच बोटांकडे बघत होते.

९ जाने.
हेन्डरसनला, मुलाकडे, निखिलच्या घरी. नात ईराचं बोरन्हाण याच कार्यक्रमात. विहीणबाईंनी पुण्याहून हलव्याचे दागिने पाठवलेत. हार, वाळे, मुकुट, इवलासा कंबरपट्टा. बोरं मिळत नाहीत, ब्लूबेरी घालणार. सूनबाई, मुग्धा, हार ईराच्या गळ्याशी धरून बघत होती. मी आपली भरात. सांगून बसले की उसाच्या चरकात हात सापडला तर तोडायला शेजारी कुऱ्हाड ठेवलेली असे, आणि त्या साखरेचे आपण...
मुग्धा नर्स. रक्ताला घाबरणारी नाही. हार शांतपणे डब्यात ठेवला. "आई, हे तुम्ही तिथे बोलणार असाल तर मी ईराला आणणार नाही. तिची पहिली संक्रांत आहे. तुमच्या भाषणातलं उदाहरण नाहीये ती."
निखिल बार्बेक्यूपाशी जाऊन उभा राहिला. बापावर गेलाय.

१० जाने.
रागाच्या भरात अख्खं भाषण लिहिलं. जळजळीत. आरशासमोर म्हटलं. टाळ्या नक्की. आणि मग? वाण घेऊन सगळ्या घरी.
मुग्धाचं तोंड आठवत राहिलं. मी तिला कुऱ्हाड दाखवली. त्या कवितेने मला बोटं दाखवली होती.
नातीशिवाय बोरन्हाण. कसली संक्रांत ती.

१२ जाने.
सापडलं. ओवी. जात्यावर बायकाच गायच्या. चरकात ऊस सारायलाही बायका असत, त्याही काही गुणगुणत असतील. बसमध्येच औषधाच्या कागदी पिशवीवर लिहिलं:

पहिली माझी ओवी
जहाजाच्या तळाला
तिथं माझ्या बाळाला
नाव नाही

दुसरी माझी ओवी
उसाच्या गं चरकाला
गोडी गेली परक्याला
हात माझा

स्टॉप हुकला. उन्हात मागे चालत आले, ओवी म्हणत. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचा, इथल्या भाषेत डेअरीचा, मालक दारात उभा, म्हणतो, "आंटी, हॅपी टुडे?" हो रे बाबा. खूप.

१४ जाने.
मुग्धाला फोनवर म्हणून दाखवली. मागे ईराची बडबड चालू.
"नाव का नाही?"
मालक ठेवायचा, म्हटलं. आईने कानात काय सांगितलं ते कुणी लिहून घेतलं नाही.
"ईराच्या नावावरून आम्ही किती भांडलो होतो, आई." मग, "परत म्हणा."
परत म्हटली. येते म्हणाली नाही. मीही विचारलं नाही. जीभ दाताखाली धरून बसले. मला, म्हणजे मला, हे जमलं.

१६ जाने.
जळजळीत भाषण फाडून टाकलं. पहिलं वाक्य फक्त ठेवलंय, ते खरं आहे. प्रमोदला कळवलं, दहा मिनिटं नकोत, ओवी म्हणेन आणि चार वाक्यं बोलेन. "स्वीट ॲज, काकू." म्हणजे झकास, इथलंच बोलणं. मग जरा काळजीने, "तब्येत बरी आहे ना?"

१७ जाने., सकाळ
काळी साडी इस्त्री करून ठेवली. एवढी वर्षं बोलते आहे, पण सकाळपासून दहादा म्हणून बघण्याची वेळ पहिल्यांदाच.
मुग्धाचा मेसेज: 'ईराला आणतेय. दागिने डब्यात आहेत. घालायचे की नाही ते तुमची ओवी ऐकून ठरवते.'
म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. माझ्या बोलण्याचा शेवट मात्र ठरला. तिच्याकडे बघून बोलायचं नाही. सगळ्यांकडे बघून बोलायचं:
'बायांनो, आता पोरांच्या डोक्यावरून हलवा पडेल. पोरं वेचतील, तुमच्याही हातात येईल. लगेच तोंडात टाकू नका. जेवणाआधी पानाबाहेर घास काढून ठेवतो, तसा एक दाणा बाजूला काढा. ज्या आईने ठेवलेलं नाव कुणी ऐकलं नाही, तिच्या लेकराचा. मग खा.'