स्पृहाची नोकरी आणि तू दिलेला शब्द

वेरिबी

दादा,

नमस्कार शेवटी करते, आधी भांडते. तुझी लेक लग्नानंतर नोकरी सोडेल, असा शब्द तू मुलाकडच्यांना दिलासच कसा? स्पृहाला विचारलंस का? फोनवर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहितेय. कागदाचा फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवते, मिळाला नाही म्हणू नकोस.

तू म्हणतोस, चिनी मालिका बघून माझं डोकं फिरलं. बघते की! हिंदीत बोलतात, सगळं कळतं. त्यातली सून ऑफिसला जाते, सासू कुरकुरते, नवरा भांडी घासतो. भांडतात रोज, पण संसार मोडत नाही. मग आपल्याकडेच का मोडावा?

इथे परदेशात ह्यांची फॅक्टरी बंद पडली तेव्हा मी हॉटेलात पोळ्या लाटल्या, त्यावरच घर चाललं. आता ह्यांना काम लागलंय, काळजी नको. माझं मनगट जरा सुजतं, एवढंच. वहिनीचा गुडघा कसा आहे?

बारशाला पोरीच्या कानात नाव मी सांगितलं, आत्या आहे तिची. गप्प बसणार नाही.

त्यांना फोन करून शब्द मागे घे. लाज वाटत असेल तर मी करते, नंबर आहे माझ्याकडे.

घे, नमस्कार. गुरुवारपर्यंत उत्तर दे, नाहीतर शुक्रवारी सकाळी मीच त्यांना फोन लावते.

शुभदा